'सिंगल फेजिंग' म्हणजे नक्की काय? मोटर, स्टार्टर, ओव्हरलोड आणि प्रिव्हेंटर

विहीर_बागायत

एकच शब्द तीन ठिकाणी ऐकू येतो. वीज कंपनीच्या वेळापत्रकात 'सिंगल फेजिंग' असतं. रिवाइंडिंगवाला जळालेली मोटर उघडतो आणि 'सिंगल फेजिंगने गेली' म्हणतो. दुकानात 'सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर' नावाची डबी मिळते. ही तिन्ही एकाच गोष्टीची नावं आहेत का?

दुसरा प्रश्न. स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर तोडणारा) असतो आणि तो मोटरच्या पाटीवरच्या अँपिअरवर लावलेला असतो. तरी मोटर जळते कशी? उदाहरणाला ७.५ एचपी मोनोब्लॉक (मोटर-पंप एकत्र) धरा, डीओएल (थेट लाईनवर चालू करणारा) स्टार्टर, पाटीवर ११ अँपिअर, डेल्टा (तिन्ही वाइंडिंग त्रिकोणात जोडलेली).

पॅनेलवाला

आधी शब्दाचं उरकू. मोटरच्या भाषेत सिंगल फेजिंग हा बिघाड आहे. थ्री फेज मोटरला येणाऱ्या तीन तारांपैकी एक कुठेतरी तुटते आणि मोटर उरलेल्या दोन तारांवर चालत राहते किंवा चालू व्हायला बघते. दोन तारांमध्ये एकच व्होल्टेज असतं, म्हणून 'सिंगल'. गावात याला 'दोन फेजवर मोटर चालली' म्हणतात. अर्थ तोच.

वीज कंपनीचं सिंगल फेजिंग ही मुद्दाम केलेली व्यवस्था आहे. गावठाणातले दिवे, पंखे चालावेत पण शेतपंप चालू नयेत, म्हणून ठरलेल्या वेळी ११ केव्हीच्या लाईनवर पूर्ण थ्री फेज पुरवठा ठेवत नाहीत. म्हणजे तिथे जी व्यवस्था आहे, तीच तुमच्या मोटरच्या दृष्टीने बिघाड. त्या वेळात स्टार्टर दाबायचा नाही, इतकाच त्याचा मोटरशी संबंध.

आणि 'सिंगल फेज मोटर' ही तिसरीच वस्तू. घरातली अर्ध्या-एक एचपीची, कंडेन्सरवाली. तिला प्रिव्हेंटर, म्हणजे फेज गेला की मोटर तोडणारी ती डबी, लागत नाही. तीन तारा लागतात तिथेच हा रोग.

कॉइलमास्तर

मोटर उघडल्यावर ओळखायचं कसं ते सांगतो, कारण इथेच जास्त फसवाफसवी चालते. ओव्हरलोडने किंवा बेअरिंग अडकून जळालेली मोटर असेल तर सगळ्या कॉइल सारख्या काळ्या पडतात. सिंगल फेजिंगमध्ये काही ग्रुप काळे आणि मधले ग्रुप जवळपास कोरे, वार्निशचा रंगही न बदललेले. अंतर मोजून ठेवल्यासारखे.

४ पोलच्या (१४४० आरपीएम) मोटरमध्ये कॉइलचे १२ ग्रुप असतात. डेल्टा जोडणीत त्यांतले ४ जळालेले दिसतात, ८ चांगले. स्टारमध्ये (तिन्ही वाइंडिंगची एकेक टोकं एकत्र बांधलेली) उलट, ८ जळालेले आणि ४ चांगले. २ पोलच्या (२८८० आरपीएम) मोटरमध्ये ६ ग्रुप, म्हणजे डेल्टात २ जळतात आणि स्टारमध्ये ४. मोटर उघडली की वाइंडिंग कापायच्या आधी फोटो काढायला सांगा. एका ठिकाणीच तांबं वितळून गोळा झाला असेल आणि बाकी सगळं स्वच्छ असेल, तर तो टर्नचा शॉर्ट (वेढे आपसात चिकटणं) किंवा बॉडी अर्थ (वाइंडिंग बॉडीला लागणं) आहे. त्याचं खापर फेजवर फोडू नका.

प्राध्यापक_मशीन्स

कॉइलमास्तरांनी सांगितलेल्या खुणेमागचं गणित असं.

एक फेज गेला तरी पंप तेवढंच पाणी मागतो. थ्री फेजमध्ये पॉवर म्हणजे १.७३ × व्होल्टेज × करंट × पॉवर फॅक्टर. दोन तारांवर तो १.७३ निघून जातो, म्हणून तेवढीच पॉवर द्यायला करंट १.७३ पट व्हावा लागतो. हा किमान हिशेब. स्लिप (रोटरचं मागे पडणं) वाढते, पॉवर फॅक्टर बदलतो, त्यामुळे प्रत्यक्षात याहूनही जास्त असतो.

स्टार जोडणीत हा १.७३ पट करंट दोन वाइंडिंगमधून जातो आणि तिसऱ्यातून शून्य. म्हणून दोन जळतात. डेल्टात गंमत वेगळी आहे. एक वाइंडिंग थेट दोन जिवंत तारांवर येतं, उरलेली दोन एकामागे एक जोडली जाऊन त्याला समांतर येतात. लाईनच्या करंटचा दोन-तृतीयांश भाग त्या एकट्या वाइंडिंगमधून आणि एक-तृतीयांश उरलेल्या जोडीतून. हिशेब केला तर एकट्या वाइंडिंगचा करंट नेहमीच्या दुप्पट होतो आणि उरलेल्या दोघांचा होता तेवढाच राहतो. म्हणून डेल्टात एकच फेज जळतो.

आता तुमच्या ७.५ एचपीवर बसवू. पाटीवर ११ अँपिअर, पण त्या विहिरीच्या हेडवर (पाणी उचलायच्या उंचीवर) पंप प्रत्यक्षात ७.५ अँपिअर घेतोय असं धरा. असं सर्रास असतं. एक फेज गेला, लाईनचा करंट १३ अँपिअर झाला. ओव्हरलोड ११ वर लावलाय, म्हणजे त्याला १.१८ पट दिसतो. जळणाऱ्या वाइंडिंगमध्ये त्याच वेळी १३ चे दोन-तृतीयांश म्हणजे सुमारे ८.६६ अँपिअर चाललेत. त्या वाइंडिंगची मर्यादा ११ भागिले १.७३ म्हणजे ६.३५. म्हणजे ते १.३६ पट करंट सोसतंय. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे १.८५ पट.

रिलेला बाहेर १८ टक्के जास्त दिसतात, आत एका कोपऱ्यात ८५ टक्के जास्त उष्णता तयार होत असते. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर या फरकात आहे.

विहीर_बागायत

पण १.१८ पट म्हणजे जास्तच झाला ना सर? ११ ला लावलेला रिले १३ ला का पडत नाही?

पॅनेलवाला

बायमेटल रिले, म्हणजे तापून वाकणाऱ्या पट्ट्यांवर चालणारा हा ओव्हरलोड, फ्यूज नाही. ११ वर लावलाय म्हणजे ११.१ ला पडेल असं होत नाही. नियमच असा आहे की रिलेच्या तिन्ही पोलमधून (प्रत्येक फेजची एक वाट) १.०५ पट करंट असेल तर दोन तास पडू नये, १.२ पट असेल तर दोन तासांच्या आत पडावा. क्लास १० चा रिले ७.२ पट करंटला ४ ते १० सेकंदांत पडतो.

हे झालं तिन्ही पोलमधून सारखा करंट असताना. एक पोल थंड पडला की तीनऐवजी दोनच पट्ट्या वाकतात आणि ट्रिपची पट्टी ढकलायला जोर कमी पडतो. म्हणून साध्या रिलेला दोन पोलवर १.३२ पट झाल्याशिवाय पडण्याचं बंधन नाही. ११ चे १.३२ पट म्हणजे १४.५ अँपिअर. तुमचे १३ त्याच्या खाली, रिले नियमाप्रमाणे बरोबर वागतोय आणि मोटर शिजतेय.

'फेज फेल्युअर सेन्सिटिव्ह' किंवा 'डिफरेन्शियल' रिले वेगळा. त्यात दोन सरकपट्ट्या असतात. तिन्ही बायमेटल सारखे वाकले तर दोन्ही पट्ट्या बरोबर सरकतात. एक मागे राहिला तर पट्ट्यांमध्ये अंतर पडतं आणि तेच अंतर लिव्हरने वाढून ट्रिप लवकर होते. त्याला १.१५ पटीला दोन तासांच्या आत पडावंच लागतं. ११ × १.१५ = १२.६५. तुमचे १३ इथे सापडतात. पण 'दोन तासांच्या आत' हे शब्द नीट वाचा. पाण्यातल्या मोटरला दोन तास म्हणजे फार झाले.

रिले घेताना दुकानदाराला 'सिंगल फेजिंग प्रोटेक्शनचा ओव्हरलोड द्या' एवढं सांगून भागत नाही. डब्यावर किंवा माहितीपत्रकात वरचं नाव आहे का ते बघा. शेतपंपाच्या स्वस्त पेटीतल्या रिलेवर ते असेलच असं नाही.

लाईनदादा

फेज जातो कुठे, त्यावर लक्षणं बदलतात. हे कुणी सांगत नाही म्हणून लिहितो.

एल.टी. (कमी व्होल्टेजच्या) बाजूला, म्हणजे डीपीच्या (ट्रान्सफॉर्मरच्या) पेटीतला किटकॅट (फ्यूज) उडाला, खांबावरचा जंप (जोडतार) तुटला, लग (तारेच्या टोकाची जोडणी) जळाला, सर्व्हिस वायरचं अॅल्युमिनियम कुजलं, तर एक तार पूर्ण मेली. वर सांगितलेलं १.७३ पटीचं गणित याच प्रकाराला लागू.

११ केव्ही बाजूचा एक डीओ (ड्रॉप-आउट फ्यूज) उडाला तर चित्र वेगळं. आपल्याकडचे वितरण ट्रान्सफॉर्मर वरच्या बाजूला डेल्टा, खालच्या बाजूला स्टार असतात. वरची एक लाईन गेली की एका वाइंडिंगला पूर्ण व्होल्टेज मिळतं आणि उरलेली दोन एकामागे एक पडून निम्मं निम्मं वाटून घेतात. खाली न्यूट्रलला धरून मोजलं तर एका फेजला २४० आणि दोन फेजना १२०-१२० च्या आसपास. फेज-फेज मोजलं तर ३६०, ३६० आणि तिसऱ्या जोडीत जवळपास शून्य. हे आकडे मोटरी बंद असतानाचे. मोटरी फिरत असतील तर आकडे सरमिसळ होतात.

टेस्टर लावून 'तिन्ही फेज आहेत' म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. १२० व्होल्टलाही टेस्टरचा दिवा लागतो. मल्टिमीटरने आर, वाय, बी या तीन फेजच्या आर-वाय, वाय-बी, बी-आर अशा तिन्ही जोड्या मोजल्याशिवाय फेज आहेत असं धरू नका.

प्राध्यापक_मशीन्स

लाईनदादांच्या दुसऱ्या प्रकारात मोटरचे तीन करंट २:१:१ या प्रमाणात होतात. सामान्य करंटच्या तुलनेत साधारण एका तारेत २३० टक्के आणि दोन तारांत ११५-११५ टक्के. जुन्या स्टार्टरमध्ये खर्च वाचवायला दोनच पोलवर ओव्हरलोड घटक असत. २३० वाली तार नेमकी तिसरी असेल तर रिलेला फक्त ११५ दिसणार. तिन्ही तारांवर घटक हवेत हा आग्रह यातूनच आला. जुनी लोखंडी पेटी वापरात असेल तर उघडून बघा, हीटर (ओव्हरलोडचे घटक) दोन आहेत की तीन.

ऊसवाला

एक शंका. स्टार्टरमधल्या कॉन्टॅक्टरची (चुंबकी स्विचची) कॉइल आर-वाय वर असते, म्हणून बी फेज गेला तर ती धरून राहते, हे समजतं. पण आर गेला तर कॉइलचाच पुरवठा गेला ना? मग स्टार्टर आपोआप सुटायला हवा. अनेक ठिकाणी सुटत नाही.

पॅनेलवाला

या शंकेत सगळ्या विषयाचं मर्म आहे.

मोटर फिरत असते तेव्हा ती जनरेटरसारखीही वागते. रोटरमधलं चुंबकत्व फिरतंय, ते मेलेल्या फेजच्या वाइंडिंगमध्ये व्होल्टेज तयार करतं. कमी भारावर हे मूळच्या ८५-९५ टक्के भरतं, म्हणजे ४१५ च्या जागी ३५० ते ३९० दिसतात. कॉन्टॅक्टर बंद असल्यामुळे हे उसनं व्होल्टेज मोटरकडून उलटं स्टार्टरच्या वरच्या टर्मिनलपर्यंत येतं. कॉइलला तेच पुरतं. कॉन्टॅक्टर सुटायला व्होल्टेज खूप खाली, निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून खाली यावं लागतं.

स्टॉप दाबून परत स्टार्ट केलं की मात्र बिंग फुटतं. मोटर घुंऽऽ करते, शाफ्ट थरथरतो, फिरत नाही, कारण उभ्या मोटरला दोन तारांवर फिरतं क्षेत्र मिळतच नाही. त्या वेळचा करंट मोटर जाम झाल्यावर जेवढा असतो त्याच्या साधारण ८७ टक्के, म्हणजे पाटीच्या पाच-सहा पट. ओव्हरलोड चांगला असेल तर काही सेकंदांत पडतो. पडला की रिसेट करून पुन्हा पुन्हा दाबणं हा आत्मघात आहे. आणि पुली हाताने ओढून किंवा दोरी गुंडाळून मोटर 'उठवणारे' लोक आहेत. उठते ती, दोन फेजवर, आणि मग वरचं सगळं गणित सुरू.

लाईनदादा

पुढचं पण सांगा. एका डीपीवर दहा मोटरी चालू आहेत आणि किटकॅट उडाला, तर फिरणाऱ्या मोटरी मिळून तिसऱ्या तारेवर व्होल्टेज तयार करतात. अकरावा माणूस येऊन मीटर लावतो, त्याला तिन्ही फेज दिसतात, तो मोटर चालू करतो आणि ती फिरतेसुद्धा. म्हणजे त्याची मोटर शेजाऱ्याच्या मोटरीच्या जिवावर. शेजाऱ्याने बंद केली की याची बसली. त्यामुळे व्होल्टेज मोजून समाधान मानू नका, क्लॅम्प मीटरने तिन्ही तारांचा करंट बघा. त्यात एक शून्य किंवा फार वेगळा असेल तर खरं कळतं.

विहीर_बागायत

म्हणजे प्रिव्हेंटर व्होल्टेज बघणारा असेल तर तोही फसणार?

पॅनेलवाला

फसू शकतो. बाजारात दोन जाती आहेत.

व्होल्टेज बघणारा: आर, वाय, बी तिन्ही तारा डबीला जोडायच्या आणि तिचा कॉन्टॅक्ट कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या वायरमध्ये घालायचा. मोटर चालू व्हायच्या आधीच फेज नसला, उलटा असला किंवा असंतुलन जास्त असलं तर कॉइल उचलूच देत नाही. हा त्याचा मोठा फायदा. तोटे दोन. मोटर फिरत असताना फेज गेला तर ते उसनं व्होल्टेज त्याला दिसतं आणि असंतुलन त्याच्या मर्यादेत बसलं तर तो गप्प राहतो. दुसरा तोटा, तो कॉन्टॅक्टरच्या अलीकडे बघतो. पलीकडे काही तुटलं, म्हणजे कॉन्टॅक्टरची एक टिप (जोडणी करणारं टोक) जळाली, रिलेचा स्क्रू ढिला झाला किंवा बोअरमधली केबल तुटली, तर त्याला पत्ताच लागत नाही.

करंट बघणारा: मोटरच्या तिन्ही तारा डबीच्या छिद्रांतून जातात, आत सीटी (करंट मोजणाऱ्या कॉइल) असतात. फेज कुठेही तुटो, एका तारेतला करंट जातो किंवा तिन्ही करंट फार वेगळे होतात. मोटरने उसनं व्होल्टेज तयार केलं तरी मेलेल्या तारेतून नेहमीसारखा करंट वाहत नाही, म्हणून हा फसत नाही. तोटा असा की मोटर चालू झाल्याशिवाय त्याला काही कळत नाही. फेज नसताना स्टार्टर दाबला तर दोन-चार सेकंद मोटर गुरगुरणारच, मग तो तोडणार. फेज उलटा असल्याचंही साध्या प्रकाराला कळत नाही.

एकच घ्यायचा असेल तर करंटवाला घ्या. दोन्ही बघणारी इलेक्ट्रॉनिक युनिटं मिळतात. त्यात ड्राय रनपासून (पाण्याविना चालण्यापासून) संरक्षणही येतं, कारण पाणी संपलं की करंट उतरतो. बोअरला तेच घ्यावं.

कॉइलमास्तर

व्होल्टेजवाला बसवणाऱ्यांसाठी पुस्ती. पॉवर फॅक्टरचा कपॅसिटर कॉन्टॅक्टरनंतर मोटरच्या टोकांवर जोडलेला असेल तर तो मेलेल्या फेजचं उसनं व्होल्टेज आणखी टिकवून धरतो. कपॅसिटर काढू नका, करंटवाला प्रिव्हेंटर लावा.

ऊसवाला

बसवलेला प्रिव्हेंटर काम करतो की नाही हे तपासायचं कसं? बरेच जण चालू मोटरवर किटकॅट ओढून बघतात.

पॅनेलवाला

ते अजिबात करायचं नाही. चालू भारावर किटकॅट ओढला की ठिणगीचा लोळ हातावर येतो. तपासायची सुरक्षित पद्धत अशी आहे.

मेन स्विच बंद करा, मीटरने तिन्ही तारा मेल्याची खात्री करा. व्होल्टेजवाला असेल तर डबीकडे जाणाऱ्या तीन बारीक तारांपैकी एक सोडवा, टोकाला टेप लावा, पेटी बंद करून मेन चालू करा आणि स्टार्ट दाबा. कॉन्टॅक्टर उचलता कामा नये. तिन्ही तारांसाठी एकेकदा करा. करंटवाला असेल तर मेन बंद ठेवून मोटरची एक तार सीटीच्या छिद्रातून बाहेर काढून बाजूने जोडा. मोटरला तिन्ही फेज मिळत राहतात, पण डबीला दोनच दिसतात. स्टार्ट केल्यावर मोटर नीट फिरेल आणि ठरलेल्या सेकंदांत डबीने तोडलं पाहिजे. मोटरला काही इजा नाही. झाल्यावर तार परत छिद्रातून घ्यायला विसरू नका.

जोडणीतली नेहमीची चूक: डबीचा कॉन्टॅक्ट स्टार्ट बटणाच्या वायरमध्ये घालतात. बटण सोडलं की कॉइल होल्डिंग कॉन्टॅक्टवर (बटणाला समांतर असलेल्या कॉन्टॅक्टरच्याच कॉन्टॅक्टवर) चालते आणि डबीने कितीही तोडलं तरी फरक पडत नाही. तो कॉन्टॅक्ट कॉइलच्या अगदी जवळ, म्हणजे ओव्हरलोडचा ९५-९६ नंबरचा कॉन्टॅक्ट आणि कॉइल यांच्या मध्ये सरळ मालिकेत हवा. दुसरी चूक म्हणजे आपली कॉइल ४१५ व्होल्टची असते आणि काही डब्यांचा कॉन्टॅक्ट २४० चाच असतो. तो चिकटतो, आणि चिकटलेला प्रिव्हेंटर असून नसल्यासारखा.

विहीर_बागायत

१५ एचपीला स्टार-डेल्टा (आधी स्टारमध्ये उठवून मग डेल्टात नेणारा) स्टार्टर आहे. तिथे ओव्हरलोड किती ठेवायचा? पाटीवर २१ अँपिअर आहे, रिलेही २१ वर आहे.

पॅनेलवाला

रिले कुठे बसलाय त्यावर आहे. बहुतेक स्टार-डेल्टा पेट्यांमध्ये तो मेन कॉन्टॅक्टरच्या खाली, वाइंडिंगच्या तारेत असतो. तिथून लाईनचा नाही, फेजचा करंट जातो. २१ × ०.५८ = १२.२. तिथे २१ लावलं म्हणजे मोटरला पावणेदोन पट करंट घ्यायची परवानगी दिली. मग रिले फक्त शोभेला. रिले पेटीत येणाऱ्या मुख्य तारेवरच असेल तरच २१ बरोबर. ओळखायची युक्ती: मोटर डेल्टात आल्यावर क्लॅम्प मीटरने आधी पेटीत येणारी तार मोजा, मग रिलेतून जाणारी. दुसरी जवळपास ५८ टक्के दाखवत असेल तर रिले फेजमध्ये आहे.

स्टार-डेल्टात आणखी एक सिंगल फेजिंग घडतं जे बाहेरून दिसतच नाही. डेल्टा कॉन्टॅक्टरची एक टिप जळते. स्टारमध्ये मोटर झकास उठते, डेल्टात जाताना आवाज बदलतो आणि एक वाइंडिंग रिकामं राहतं. पुरवठ्याचे तिन्ही फेज ठणठणीत. टिपा वर्षातून एकदा तरी उघडून बघा. काळ्या चालतील, खड्डे पडलेल्या नाही. आणि कानशीने घासू नका, वरचा चांदीच्या मिश्रणाचा थर निघून जातो.

प्राध्यापक_मशीन्स

फेज पूर्ण न जाताही थोडं थोडं तेच नुकसान होतं. असंतुलन असं काढतात: समजा ४१०, ४०० आणि ३९० मिळाले. सरासरी ४००, सरासरीपासून सगळ्यात जास्त फरक १०, म्हणजे २.५ टक्के. वाचायला किरकोळ वाटतं, पण करंटमधलं असंतुलन व्होल्टेजच्या ६ ते १० पट असू शकतं. तापमानवाढ ढोबळपणे असंतुलनाच्या वर्गाच्या दुप्पट टक्क्यांनी वाढते. ३.५ टक्के असंतुलन म्हणजे सुमारे २५ टक्के जास्त तापणं. ५ टक्क्यांच्या वर मोटर चालवूच नये. इन्सुलेशन दर १० अंश जादा तापमानाला निम्मं आयुष्य गमावतं, त्यामुळे 'मोटर जळाली नाही' म्हणजे 'मोटरचं काही बिघडलं नाही' असं होत नाही.

कॉइलमास्तर

त्यात पाण्यातली मोटर जास्त नाजूक. बाहेरच्या मोटरचं क्लास एफ वार्निश १५५ अंशांपर्यंत टिकतं. पाणी भरलेल्या सबमर्सिबलमध्ये प्लास्टिकच्या आवरणाची वाइंडिंग वायर असते, ती त्याच्या निम्म्या तापमानालाच मऊ पडायला लागते. बोअरच्या मोटरला ओव्हरलोडच्या भरवशावर ठेवू नये ते यासाठी.

लाईनदादा

ऑटो स्विचबद्दल बोला कुणीतरी. रात्रीची लाईट आली की मोटर आपोआप चालू व्हावी म्हणून लावतात. प्रिव्हेंटर नसताना ऑटो स्विच म्हणजे दोन फेज आले तरी तो स्टार्टर दाबणार, आणि बघायला कुणी नाही. शिवाय लाईट येताच एका डीपीवरच्या वीस मोटरी एकाच क्षणी उठतात, प्रत्येकीचा सुरुवातीचा करंट सहा-सात पट. डीओ किंवा किटकॅट त्याच धक्क्यात उडतो, एक फेज जातो, आणि ज्या मोटरी अजून उठायच्या आहेत त्या दोन फेजवर अडकतात. महावितरण ऑटो स्विच काढा आणि कपॅसिटर बसवा असं सारखं सांगतं, त्याचं कारण हे.

ऊसवाला

काढा म्हणणं सोपं आहे. रात्री दोनला लाईट येते, थंडीत कोण जाणार विहिरीवर? बिबट्या आहे भागात.

पॅनेलवाला

रास्त आहे. ठेवायचाच असेल तर व्होल्टेज आणि करंट दोन्ही बघणारं युनिट आणि त्यातला ऑन-डिले वापरा. लाईट आल्यावर किती वेळाने मोटर उठावी ते त्यात ठरवता येतं. एका डीपीवरच्या लोकांनी आपसात ठरवून कुणी ३० सेकंद, कुणी ६०, कुणी ९० असं लावलं तर तो एकत्र धक्का बसत नाही. ओव्हरलोड रिसेट मात्र हातानेच ठेवा. ऑटो ऑन, ऑटो रिसेट आणि दोन फेज, हे तिन्ही एकत्र आले की रात्रभर मोटर घुंऽऽ, ट्रिप, थंड, परत घुंऽऽ असं करत सकाळपर्यंत संपते.

आणि कंडेन्सर लावून दोन फेजवर थ्री फेज पंप चालवणारे असतील तर त्यांनी एवढं लक्षात घ्यावं. कंडेन्सर तिसऱ्या फेजची नक्कल करतो, पण एकाच ठराविक भाराला. पाण्याची पातळी बदलली की संतुलन गेलं. मोटर पूर्ण भार पेलत नाही, एक वाइंडिंग कायम जास्त तापतं आणि डीपीच्या दोन फेजवर सगळ्यांचा भार येऊन तोही जातो. प्रिव्हेंटर तर बायपास करावाच लागतो, नाहीतर तो चालू देत नाही. म्हणजे संरक्षण काढून मोटर चालवायची.

विहीर_बागायत

सौर पंपाला हे लागू आहे का?

प्राध्यापक_मशीन्स

पुरवठ्याच्या बाजूने नाही. पॅनलमधून डीसी येतं, थ्री फेज कंट्रोलर तयार करतो. मात्र कंट्रोलर ते मोटर या केबलमधली एक तार तुटली तर तोच प्रकार होतो. कंट्रोलर तिन्ही आउटपुट करंट मोजत असतो आणि सहसा फेज लॉसचा कोड दाखवून थांबतो. तो कोड आला की पॅनल पुसत बसू नका, केबलचा जॉइंट बघा.

ऊसवाला

शेवटचं. २ एचपीची मोटर आहे, ३.४ अँपिअर. मिळालेला करंटवाला प्रिव्हेंटर ५ अँपिअरपासून पुढे आहे. दुसरा घ्यावा लागेल?

पॅनेलवाला

गरज नाही. प्रत्येक तार सीटीच्या छिद्रातून दोनदा फिरवून घ्या. एकदा आरपार म्हणजे एक वेढा, परत मागून आणून दुसऱ्यांदा आरपार म्हणजे दोन. डबीला ३.४ च्या जागी ६.८ दिसतील, तर सेटिंग ६.८ धरून लावा. तिन्ही तारांना वेढे सारखेच आणि एकाच दिशेने हवेत. एकीला दोन आणि दुसरीला एक झालं तर चांगल्या तिन्ही फेजवरही डबी असंतुलन समजून तोडत राहील. पेटीच्या झाकणाच्या आत 'दोन वेढे' असं मार्करने लिहून ठेवा, म्हणजे पुढचा वायरमन डायल ३.४ वर आणणार नाही.